औषध लागू पडतं, त्याच वाटेने बाधतं

डोकं दुखतंय म्हणून घेतलेली गोळी डोक्याकडे जात नाही. ती पोटात विरघळते, आतड्यांतून रक्तात उतरते आणि आधी यकृतात जाते. तिथे तिचा काही भाग मोडला जातो आणि उरलेलं औषध हृदयामार्फत अंगभर फिरतं. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच रक्त पुढे ढकलतं. त्यामुळे एकदा रक्तात आलं की पायाच्या अंगठ्यापासून डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचायला औषधाला फार वेळ लागत नाही. जिथे दुखतंय तिथे ते जातं आणि जिथे काहीही झालेलं नाही तिथेही जातं.

आपण बोलताना मात्र औषधाचे दोन वाटे करतो. एक ‘गुण’ आणि दुसरा ‘साइड इफेक्ट’. जणू गहू आणि खडे एकत्र आलेत, कुणी नीट निवडले असते तर खडे बाजूला काढता आले असते. बहुतेक औषधांच्या बाबतीत ही कल्पना चुकीची आहे. औषध शरीरातली एखादी क्रिया थांबवतं, मंदावतं किंवा वाढवतं. तीच क्रिया शरीरात चार ठिकाणी चालत असेल तर चारही ठिकाणी तिच्यावर परिणाम होतो. त्यातल्या हव्या असलेल्या परिणामाला आपण म्हणतो ‘औषध लागू पडलं’, नको असलेल्याला म्हणतो ‘औषध बाधलं’. हा भेद आपण करतो. औषधाला तो ठाऊक नसतो.

अ‍ॅस्पिरिनचंच बघा. शुद्ध आणि टिकाऊ स्वरूपातलं अ‍ॅस्पिरिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. जगभर लोक ते घेत राहिले, पण ते नेमकं करतं काय हे कळायला १९७१ साल उजाडलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही. या कामासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. प्रोस्टाग्लँडिनमुळे दुखऱ्या जागी वेदना आणि सूज वाढते, मेंदूत ताप चढवला जातो. ती कमी झाली की दुखणं कमी होतं, ताप उतरतो. इथवर सगळं छान आहे.

पण जठराच्या आतल्या अस्तरावर जो चिकट थर असतो, ज्याच्यामुळे आपलंच आम्ल आपलं जठर जाळत नाही, तो थर राखायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतं. गोळी तेही कमी करते. म्हणून पोटात जळजळ होते, कधी व्रण होतो, कधी त्यातून रक्त जातं.

तिसरीकडे, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात. अ‍ॅस्पिरिन त्यांच्यातलं एक एन्झाइम कायमचं निकामी करतं. या पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे त्यांना नवं एन्झाइम करून घेता येत नाही. त्या आठ-दहा दिवसच जगतात आणि तेवढे दिवस तशाच लुळ्या राहतात. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला रोजच्या छोट्याशा अ‍ॅस्पिरिनने संरक्षण मिळतं ते यामुळेच, आणि दात काढल्यावर किंवा ऑपरेशनमध्ये रक्त लवकर थांबत नाही तेही यामुळेच. त्याला वाचवणारी गोष्ट आणि त्याला रक्तस्राव करणारी गोष्ट एकच आहे.

मग ही गोळी चांगली की वाईट? हा प्रश्न कुणासाठी ते सांगितल्याशिवाय सुटत नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,००० हून अधिक निरोगी वयस्कर लोकांवर एक मोठी चाचणी झाली. बहुतेक जण सत्तरीपुढचे, कुणालाही आधी हृदयविकार नव्हता. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांचे हृदयविकार आणि पक्षाघात म्हणण्यासारखे कमी झाले नव्हते, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले होते. ज्याला अटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी फायद्याचं पारडं जड. ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्यासाठी तेच पारडं वर जातं. शेजाऱ्याला दिलेली गोळी ‘आपणही खबरदारी म्हणून’ सुरू करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

आईच्या घोट्याची सूज

हे सगळं मला पुस्तकातून कळण्याआधी आईच्या पायांवरून कळलं. तिला ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. प्रेशर छान उतरलं. महिन्याभराने संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर त्यांचा वळ उमटलेला दिसायला लागला. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी दिली. सूज थोडी कमी झाली, गेली नाही. मग एका रात्री तिच्या पायाचा अंगठा लालबुंद झाला आणि असा ठणकायला लागला की पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. युरिक अ‍ॅसिड वाढलं होतं. त्यासाठी वेदनाशामक आलं, वेदनाशामकाने पोट बिघडू नये म्हणून आम्ल कमी करणारी गोळी आली. एकाच्या चार गोळ्या झाल्या आणि घरात सगळे म्हणायला लागले, वय झालं की असं एकामागून एक लागतंच पाठीशी.

वयाचा संबंध फार थोडा होता. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं, म्हणून प्रेशर उतरतं. पण धमन्या जेवढ्या सैल होतात तेवढ्या शिरा होत नाहीत. येणारा रस्ता रुंद झाला, जाणारा तेवढाच राहिला. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर बसून-उभं राहून ते घोट्यांशी साठतं. म्हणजे प्रेशर उतरणं आणि पाय सुजणं ही एकाच कामाची दोन टोकं. अंगात पाणी जास्त झालेलंच नव्हतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने ते पुरतं उतरणारही नव्हतं. उलट लघवीच्या अनेक गोळ्या युरिक अ‍ॅसिड शरीरात अडवून ठेवतात आणि त्यातून गाउट या सांध्याच्या दुखण्याचा ठणका उठतो.

शेवटी एका डॉक्टरांनी तिला विचारलं, “आजी, सूज कधीपासून आहे?” आई म्हणाली, “ती प्रेशरची नवी गोळी चालू केली ना, त्याच्या पुढच्याच महिन्यापासून.” इतके दिवस हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आम्हीही आपणहून सांगितलं नव्हतं, याची मला आजही रुखरुख वाटते. त्यांनी प्रेशरची गोळी बदलली, लघवीची बंद केली. काही आठवड्यांत मोज्याचा वळ दिसेनासा झाला.

औषधाच्या परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं ही वैद्यकातली ओळखीची चूक आहे. खूप गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसांत ती सहज घडते, कारण त्यांच्या प्रत्येक तक्रारीला वयाचं नाव द्यायला सगळे तयारच असतात.

शरीर गप्प बसत नाही

औषध शरीरावर काम करतं हे अर्धंच चित्र झालं. शरीरही त्याला उत्तर देतं. बाहेरून एखादी गोष्ट मिळायला लागली की ते आतलं उत्पादन कमी करतं. एखादी गोष्ट अडवली की ती जास्त करू पाहतं.

स्टेरॉइड हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला आज ज्याला कॉर्टिसोन म्हणतात ते द्रव्य टोचलं. काही दिवसांत ती उठून चालायला लागली. जग थक्क झालं आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, या शोधाला नोबेल मिळालं. पण ते वापरता वापरता दुसरी बाजू दिसत गेली. चेहरा गोल होणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, जंतुसंसर्ग सहज होणं. यात नवल काहीच नव्हतं. हे द्रव्य म्हणजे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या संप्रेरकाचीच जात. संकटात शरीराला तगवणं हे त्या संप्रेरकाचं काम. ते साखर रक्तात सोडतं, सूज आवरतं, प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. रोज भरपूर मिळालं तर शरीर रोजच संकटात असल्यासारखं वागतं.

खरा धोका मात्र ते अचानक बंद करण्यात असतो. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर मेंदू अ‍ॅड्रिनल ग्रंथीला हुकूम देणं थांबवतो आणि ग्रंथी आळसावते. काही आठवडे स्टेरॉइड घेतलेल्या माणसाने एका दिवशी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सोडल्या, तर बाहेरचा पुरवठा बंद आणि आतला अजून सुरू नाही, अशी अवस्था येते. रक्तदाब कोसळतो, गळून जायला होतं, प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर डोस पायरी-पायरीने उतरवतात. ती पायरी चुकवू नका, एवढं मी कळकळीने सांगते.

नाक चोंदल्यावर टाकायच्या थेंबांचंही हेच आहे. पहिले काही दिवस नाक झकास मोकळं होतं. आठवडा-दोन आठवडे टाकत राहिलं की थेंबांचा जोर ओसरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो.

किती, हा प्रश्न

सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने म्हणून ठेवलं होतं की पदार्थ विष ठरतो तो मात्रेमुळे. पॅरासिटामॉल हे त्याचं आजचं रूप. योग्य मात्रेत ते इतकं सुरक्षित असतं की आपण त्याला औषध म्हणायलाही विसरतो. यकृत त्याचा बराचसा भाग निरुपद्रवी करून बाहेर टाकतं. थोड्या भागापासून एक विषारी द्रव्य तयार होतं, तेही यकृतातलं ग्लुटाथिओन लगेच शांत करतं. पण गोळ्या फार झाल्या की ग्लुटाथिओनचा साठा संपतो आणि ते विष यकृताच्या पेशीच खायला लागतं. निरोगी मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची हद्द मानतात. वजन कमी असेल, यकृत आधीच दुखावलेलं असेल किंवा दारूची सवय असेल तर हद्द आणखी खाली येते. यातली फसवी गोष्ट अशी की जास्त गोळ्या पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी माणूस ठीकठाक दिसतो. यकृत बिघडल्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी उमटतात. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या ८ तासांत दिला तर फार चांगलं काम करतो. म्हणून ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. सर्दीच्या, अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्या घेताना आपण एकच औषध दुप्पट घेत असू शकतो.

काही औषधांत तर ही हद्द दोन्ही बाजूंनी अरुंद असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनवर असलेल्यांची वारंवार रक्ततपासणी होते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर हा आकडा बहुतेकांत २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

आणि मात्रेचा नियम फक्त गोळ्यांना लागू नाही. प्राणवायूपेक्षा निरुपद्रवी उपचार कोणता असेल? १९४० च्या दशकात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना पेटीत ठेवून भरपूर ऑक्सिजन देण्याची पद्धत रुळली. बाळं जगायला लागली आणि त्यांतली अनेक आंधळी व्हायला लागली. कारण सापडेपर्यंत जगभरात सुमारे १०,००० बाळांची दृष्टी गेली. कोवळ्या डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची वाढ जास्त ऑक्सिजनने आधी थांबते आणि मग त्या वेड्यावाकड्या फुटतात, पडदा ओढून सोडवतात. १९५३-५४ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीने ऑक्सिजनचा हा दोष नक्की केला. मग सगळीकडे हात आखडता घेतला गेला, आणि अंधत्व घटलं तसे श्वासाअभावी होणारे मृत्यू वाढले. म्हणूनच आज नवजात कक्षात बाळाच्या इवल्या पायाला लावलेला मापक क्षणाक्षणाला ऑक्सिजन मोजत असतो.

विश्रांतीचंही तसंच. सरासरी ६७ वर्षांच्या १२ निरोगी स्त्री-पुरुषांना एका अभ्यासात १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळजवळ १ किलो मांस झडलं. आजारी माणसाला ‘पडून राहा, हलू नका’ असं आपण मायेने सांगतो. डॉक्टर ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात तेव्हा आपल्याला ते निर्दयी वाटतं. मांस झडतं, पायात गुठळी होऊ शकते, फुप्फुसं आकसतात, हे त्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

आकडा सुधारला, माणसाचं काय?

एक गोष्ट मला या सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतात त्यांचा मृत्यूचा धोका जास्त असतो, हे माहीत होतं. तसे ठोके थांबवणारी औषधं उपलब्ध होती. ठोके सुधारले की माणूस वाचणार, यात कुणाला शंका नव्हती. तरी अमेरिकेत चाचणी घेतली गेली. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं ७५५ जणांना दिली, ७४३ जणांना हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या पोकळ गोळ्या दिल्या. सरासरी १० महिन्यांत औषधवाल्यांपैकी ६३ जण गेले, पोकळ गोळीवाल्यांपैकी २६. १९८९ मध्ये ही औषधं चाचणीतून मध्येच काढावी लागली. ठोके कागदावर सुंदर दिसत होते. जे औषध हृदयातली विजेची लाट बदलून चुकार ठोका थांबवतं, तेच औषध दुखावलेल्या हृदयात जीवघेणी लय सुरूही करू शकतं.

म्हणून रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि माणसाचं भलं होणं या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. पुष्कळदा त्या एकत्र चालतात. नेहमीच नाही.

फायद्याचे आकडे ऐकतानाही कान उघडे हवेत. ‘धोका ५० टक्क्यांनी कमी होतो’ हे वाक्य खरं असू शकतं, पण कशाच्या ५० टक्के? १०० जणांतल्या ४० जणांना व्हायचा आजार २० जणांवर आला तर २० माणसं वाचली. १०० पैकी दोघांना व्हायचा तो एकावर आला, तरी जाहिरातीत ५० टक्केच लिहितात. वाचलेला माणूस मात्र एक, आणि उरलेल्या ९९ जणांनी गोळीचा त्रास काय असेल तो सोसला. डॉक्टरांना सरळ विचारावं, “माझ्यासारख्या १०० जणांनी हे घेतलं तर किती जणांना फायदा होतो आणि किती जणांना त्रास?” नेमका आकडा त्यांच्याजवळ नसला तरी या प्रश्नाने बोलणं योग्य जागी येतं.

मनाची भर

गोळीच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो. तो वाचून घाबरलेल्या माणसाला त्यातलं निम्मं जाणवायला लागतं. हे नाटक नसतं. लंडनमधल्या एका चाचणीत त्रास होतो म्हणून स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सोडलेले ६० जण घेतले. त्यांना वर्षभर काही महिने स्टॅटिनच्या, काही महिने पोकळ गोळ्यांच्या बाटल्या दिल्या, काही महिने काहीच नाही. कोणत्या बाटलीत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. २०२० मध्ये निकाल आला. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदला गेला त्यातला ९० टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही होता. स्वतःचे आकडे बघितल्यावर यातल्या निम्म्या जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. स्टॅटिनने स्नायूंना खरीखुरी इजाही होते, पण ती विरळा.

उलट दिशेनेही मन काम करतं. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगात दिसलं की पोकळ औषधाने मिळालेला आराम नॅलोक्सोन दिल्यावर ओसरतो. नॅलोक्सोन हे अफूवर्गीय औषधांचा परिणाम अडवणारं द्रव्य. म्हणजे पोकळ औषधाने वाटलेला आराम खोटा नव्हता. शरीराने स्वतःचं वेदनाशामक सोडलं होतं. तेव्हा ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं कुणालाही झिडकारून सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्रास खराच असतो, त्याचं कारण कुठे आहे ते शोधायचं असतं.

आणि काही लक्षणांसाठी थांबायचंच नसतं. नवं औषध घेतल्यावर ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकला, अंगावर फोड येऊन कातडी सुटायला लागली, डोळे पिवळे झाले, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर तिथल्या तिथे दवाखाना गाठावा. बाकीच्या त्रासांसाठी फोन करावा, विचारावं, पण गोळी परस्पर बंद करू नये.

आईने हल्ली एक वही केली आहे. पानाला चार रकाने: गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख, त्यानंतर अंगात काय बदललं, आणि गोळी कशासाठी. मागच्या खेपेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. आम्लाच्या गोळीपुढचा चौथा रकाना कोरा होता. अंगठ्याच्या ठणक्याच्या वेळी वेदनाशामकाबरोबर सुरू झालेली ती गोळी, वेदनाशामक बंद होऊन दीड वर्ष झालं तरी रोज सकाळी पोटात जात होती. एकदम सोडली तर आम्ल उसळेल म्हणून डॉक्टरांनी ती आधी एक दिवसाआड करायला सांगितली. आईने तारीख घातली आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, ‘आता गरज नाही.’